गणपूर्ती

पेणमध्ये गणपतींना तोटा नाही. ऐन जानेवारीत आलात तरी कुठल्याही आळीत दोन-चारशे गणपती ओळीनं बसलेले दिसतील. कुणाची सोंड ओली असते, कुणाला हात लागायचे असतात, कुणी नुसताच पांढराफटक बसून रंगाची वाट बघत असतो. हमरापूर-जोह्याकडे गेलात तर विचारायलाच नको. या गावाला तोटा आहे तो गणपूर्तीचा. ती व्हावी म्हणून गेली कित्येक वर्षं एकटा माणूस जिवाचं रान करतो आहे. त्यांचं नाव नाना ठरावकर.

ठरावकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव सोसायटीच्या खालच्या पाटीवर आहे, पण आता पोस्टमनसुद्धा "ठरावकरांचं पत्र" म्हणूनच हाक मारतो. कोकणात आडनावावरून माणसाचं गाव कळतं. नानांच्या बाबतीत व्यसन कळतं.

नानांना लांबूनही ओळखता येतं ते त्यांच्या पिशवीमुळे. खाकी कापडाची, बंद शिवून शिवून मूळ बंद कुठला ते न कळणारी. तिच्यात इतिवृत्ताची वही, हजेरीची वही, नोटिशीच्या कोऱ्या प्रती, शाईचा पॅड, दोन रबरी शिक्के, निळं पेन, लाल पेन, ती दोन्ही चालली नाहीत तर पेन्सिल, आणि सगळ्यांच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेली पितळी घंटी. टेबलावर ठेवून वर बोट मारलं की टिंग वाजणारी. शिपायाला बोलावायला जुन्या साहेबांच्या टेबलावर असायची तसली. नानांच्या घंटीनं शिपाई येत नाही. बोलणारा मात्र गप्प होतो. निदान व्हावा अशी अपेक्षा असते.

नाना नोकरीला रोह्याला होते, धाटावच्या एमआयडीसीत, एका केमिकल कंपनीच्या ऑफिसात. पेणहून रोज गाडीनं जाऊन-येऊन. त्या कंपनीला एका वर्षी कुठलंसं सर्टिफिकेट मिळवायची लहर आली आणि साहेबांनी नानांना 'परिणामकारक बैठका कशा घ्याव्यात' या विषयाच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला मुंबईला पाठवलं. बाकीची माणसं दोन दिवसांत शिकलेलं दोन दिवसांत विसरतात. नाना जन्मात विसरले नाहीत. ते सर्टिफिकेट आज त्यांच्या दिवाणखान्यात गणपतीच्या तसबिरीशेजारी आहे. एकच उदबत्ती दोघांना पुरते.

तिथेच त्यांना रॉबर्ट भेटला. हेन्री रॉबर्ट हा अमेरिकन लष्करातला इंजिनिअर. १८६३ साली चर्चमधल्या एका सभेत त्याला अचानक अध्यक्षाच्या खुर्चीत बसवलं आणि सभा अशी उधळली की त्यानं मनाशी ठरवलं, नियम शिकल्याशिवाय पुन्हा असल्या खुर्चीत बसायचं नाही. मग अभ्यास करून १८७६ साली त्यानं सभाशास्त्राचं पुस्तक काढलं. ते जगभर गेलं. "तेरा वर्षं लागली त्याला," नाना बोट वर करून सांगतात. आमच्या सोसायटीचा कन्व्हेयन्सचा विषय त्याहून जुना आहे, पण अजून पुस्तक निघालेलं नाही.

निवृत्तीनंतर नानांनी हे सगळं पेणला आणलं. राहत्या सोसायटीचे ते सचिव, ज्येष्ठ नागरिकांच्या संघाचे चिटणीस, आम्हा काही गणपती कारखानदारांच्या मंडळाचे मानद सल्लागार. या शेवटच्या पदावर त्यांना कुणी नेमलं, हे आमच्यापैकी कुणालाही आठवत नाही. इतिवृत्तात आहे म्हणतात.

नानांची नोटीस एकदा वाचावीच. पहिला विषय ठरलेला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. शेवटचाही ठरलेला: मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर विचार करणे. या दोहोंच्या मध्ये जे काय असेल ते असतं आणि सहसा तिथपर्यंत कुणी पोचत नाही. नोटिशीखाली बारीक अक्षरांत मुख्य मजकूर: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच दिवशी, त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींप्रमाणे गणपूर्ती म्हणजे दोन तृतीयांश सभासद किंवा वीस, यांतला कमी असेल तो आकडा. पण त्या बारीक अक्षरांमुळे पाचच्या सभेला पाचला कुणी येत नाही. नाना एकटे येतात. सतरंजीवर बसतात, घंटी वाजवतात, हजेरीच्या वहीत स्वतःची सही करतात, गणपूर्ती झाली नसल्याचं स्वतःला मोठ्यानं सांगतात आणि सभा तहकूब करतात. मग अर्धा तास स्वतःच शांत बसतात. साडेपाचला आम्ही चहाच्या वासावर जमतो.

मी एकदा विचारलं, "नाना, थेट साडेपाचचीच नोटीस का काढत नाही?"

"अरे, मग लोक सहाला येतील."

याला उत्तर नाही.

नानांच्या सभेत खरी बहार येते ती प्रास्ताविकात. ते दहा मिनिटांचं असतं आणि आम्हाला पाठ आहे. "हा आपला जुना कुलाबा जिल्हा म्हणजे सभांचा जिल्हा," अशी सुरुवात. मग चरी. "अलिबाग तालुक्यातलं चरी, २७ ऑक्टोबर १९३३. नारायण नागू पाटलांनी खोतांविरुद्ध कुळांची सभा घेतली. विषय एक. ठराव एक: खोताची जमीन कसायची नाही. सभा एका दिवसाची, संप चालला १९३९ पर्यंत! याला म्हणतात अंमलबजावणी." मग महाड. "१९ आणि २० मार्च १९२७. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. तळं सर्वांना खुलं आहे हे कागदावर आधीच ठरलेलं होतं. पण कागद कागदाच्या जागी, पाणी पाण्याच्या. दुसऱ्या दिवशी बाबासाहेब आणि ती हजारो माणसं सभेतून उठली ती थेट चवदार तळ्यावर गेली." हे सांगताना नानांचा आवाज खरोखर बदलतो. चेष्टा बाजूला ठेवून सांगतो, माझ्याही अंगावर काटा येतो. दर वेळी येतो.

एकदा आमच्या मंडळाच्या सभेला खारेपाटाकडचा एक म्हातारा शेतकरी आला होता. त्याच्या जागेत आमच्यापैकी दोघांचे कारखाने आहेत. त्यानं हे सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "नाना, ते लोक उठले. तुमी कवा उठणार?"

इतिवृत्तात नोंद आहे: 'एका उपस्थिताने उपयुक्त प्रश्न विचारला.'

आमच्या सोसायटीच्या आवारात तीन माड आहेत. गेल्या वर्षी लिफ्टचं मोठं काम निघालं. साडेचार लाखांचा अंदाज. मोटर, दोर, कंट्रोल पॅनल असल्या शब्दांपुढे सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दीड मिनिटात खर्च मंजूर झाला. पुढचा विषय: आवारातील नारळ. तो पंचावन्न मिनिटं चालला. पार्किन्सन नावाच्या इंग्रजानं १९५७ सालच्या आपल्या पुस्तकात अशीच एक समिती रंगवली आहे. ती अणुभट्टीचा खर्च चुटकीसरशी मंजूर करते आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास काथ्याकूट करते, कारण अणुभट्टी कुणाला कळत नाही आणि सायकलशेड सगळ्यांना कळते. पार्किन्सन पेणला आला असता तर त्यानं नारळ लिहिला असता.

माड लावला तळमजल्यावरच्यांनी, पाणी घातलं सोसायटीच्या टाकीचं, झाड कललं बी विंगकडे आणि नारळ पडला सी विंगच्या स्कूटरवर. हा एकूण खटला. नानांनी तो रॉबर्टच्या नियमांनी चालवायचं ठरवलं. आधी सूचना, मग अनुमोदन, मग उपसूचना, मग उपसूचनेला उपसूचना. दुसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त मास्तर एकाच उपसूचनेचे सूचकही झाले आणि अनुमोदकही. नानांनी ते नियमबाह्य ठरवलं. मास्तर म्हणाले, "नाना, आपल्याच तालुक्यातले, गागोद्याचे विनोबा एक वर्षभर मौनात होते. तुम्ही एक नारळभर तरी राहा."

नाना डगमगले नाहीत. "विनोबा मौनात होते, पण त्या वर्षातही कागदावर लिहून देत होते. म्हणजे महत्त्वाचं काय? लेखी नोंद!"

टाळ्या पडल्या. ठराव पडला. शेवटी पाच जणांची नारळ उपसमिती नेमली. उपसमितीच्या तीन बैठका झाल्या, त्यांत चहाला जेवढा खर्च आला तेवढ्यात बाजारातून दोन डझन नारळ आले असते. दरम्यान एका सकाळी नारळ पाडणारा नेहमीसारखा येऊन गेला. आपल्या मजुरीचे नारळ त्यानं वेगळे काढले, बाकीचे वॉचमनच्या खोलीत ठेवले आणि वॉचमननं दर घरात दोन-दोन नेऊन दिले. सगळीकडे खोबरं किसलं गेलं. पुढच्या सभेत नानांनी गंभीरपणे या वाटपाला कार्योत्तर मंजुरी घेतली. 'कार्योत्तर' हा नानांचा शब्द आहे, पण या देशात कामं होतात ती त्याच शब्दाच्या आधारानं, असं माझं मत झालं आहे.

नाना रागावले की राजीनामा देतात. देताना रोह्याच्या चिंतामणराव देशमुखांचं नाव घेतात. "रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री! १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर खुर्ची सोडली. मी कोण?" चिंतामणरावांच्या आणि नानांच्या राजीनाम्यांत फरक एवढाच की तो स्वीकारला गेला. नानांचे आजवरचे अकरा राजीनामे आम्ही पुढील सभेत विचारार्थ ठेवले आहेत.

माझा कारखाना पेणमध्येच आहे, फार मोठा नाही. श्रावण लागला की आमच्याकडे माणूस घड्याळ बघत नाही, उजेड बघतो. डोळ्यांची आखणी करणारा कारागीर दिवसाच्या उजेडात काम उरकतो. त्याचा हात चालू असताना कारखान्यात मोठ्यानं कुणी शिंकतसुद्धा नाही. त्यात गणपतीआधी हायवेवर अवजड वाहनांना बंदी लागते, म्हणजे ट्रक वेळेवर सुटले नाहीत तर गणपती पेणला आणि भक्त मुंबईला. एका वर्षी या ट्रकांच्या वाटणीसाठी आम्ही नऊ कारखानदारांनी माझ्या शेडमध्ये जमायचं ठरवलं. नाना पिशवीसकट हजर.

आले चौघे. नानांनी पॅड काढला. गणपूर्तीला पाच हवेत. "सभा तहकूब करावी लागेल," ते म्हणाले.

"नाना, मागं वळून बघा. दीडशे बसलेत."

नानांनी खरंच वळून बघितलं. दीडशे गणपती, काही बिनडोळ्यांचे. क्षणभर त्यांचा हात हजेरीच्या वहीकडे गेला, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. मग म्हणाले, "ते सभासद नाहीत."

आणि त्यांनी घंटी काढून समोरच्या पाटावर ठेवली. कोपऱ्यातून आमचा म्हातारा कारागीर मान न वळवता बोलला, "नाना, देवाचे डोळे उघडतायत. ती वाजवू नका, हात हलंल."

नानांनी घंटी उचलली आणि मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी झाकून धरली. झोपलेल्या पोराचे कान झाकावेत तशी. पुढची दहा-बारा मिनिटं आम्ही उभ्याउभ्याच, प्लास्टरचे हात फडक्याला पुसत, हलक्या आवाजात बोललो. कुणाचा माल आधी, कुणाचा नंतर, मुंबईचा ट्रक कुणी भरायचा, पुण्याचा कुणी, डिझेलचे पैसे कसे. न आलेल्या पाच जणांना निरोप कुणी द्यायचा तेही ठरलं. नाना एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी आजवर चालवलेली सगळ्यात चांगली सभा ती. पण गणपूर्ती नव्हती, त्यामुळे ती झालीच नाही असं वहीत आहे.

एक गोष्ट मात्र मान्य केलीच पाहिजे. २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पीओपीच्या मूर्तींविषयी सूचना आल्या आणि पेणमध्ये बैठकांचा पूर आला. कुणी शाडूच्या बाजूचा, कुणी पीओपीच्या, कुणी दोन्हींच्या, आणि सगळ्यांच्या डोक्यावर कर्ज. त्या गडबडीत आम्ही एका कार्यालयात गेलो असता समोरच्या साहेबांनी विचारलं, "तुमचं आधीचं निवेदन कधीचं?" आम्ही सात जण छताकडे बघायला लागलो. नानांनी पिशवीत हात घातला, वही काढली, तारीख वाचली, आवक क्रमांक वाचला आणि पोचेचा कागद टेबलावर ठेवला. साहेबांनी खुर्ची पुढे ओढली आणि "बसा" म्हणाले. तोवर आम्ही उभे होतो.

नानांच्या घरी मात्र वेगळा कारभार आहे. काकूंच्या स्वयंपाकघरात आळीतल्या सात-आठ बायका पापड लाटायला जमतात. पेणच्या पोह्यांइतकेच पेणचे पापड बाहेर जातात हे तुम्हाला माहीत असेलच. त्यांचा बचत गट आहे. हप्ते गोळा करणं, कर्ज कुणाला द्यायचं, कुणाचं थकलंय, तिला कुणी जाऊन समजवायचं, सगळं लाटता लाटता चालतं. नाना एकदा दारात उभे राहून म्हणाले, "तुमची विषयपत्रिका कुठे आहे?"

"या काय," काकू पीठ लावलेल्या हातानं ताटातल्या लाट्या दाखवत म्हणाल्या. "या सुकायच्या आत सगळं उरकायचं असतं. तुम्हाला काही सांगायचंय का? नसेल तर वाऱ्यात उभे राहू नका."

रोह्याला नानांची सासुरवाडी. तिथला धावीर महाराजांचा उत्सव तर नानांच्या जिव्हारी लागलेला आहे. दसऱ्यानंतर पालखी निघते, पोलीस शस्त्रांसह मानवंदना देतात आणि पालखी गावभर फिरते. प्रत्येक आळीला आपला मान माहीत, प्रत्येकाला आपली जागा माहीत, कुठेही घंटी नाही की नोटीस नाही. नानांनी मेहुण्यापुढे मांडणी केली की मिनिटवार कार्यक्रमपत्रिका छापली तर किती सोपं होईल. मेहुणा शांतपणे म्हणाला, "छापा. पण नाना, खाली ते तहकुबीचं बारीक अक्षरांत घालू नका. महाराजांना ते चालायचं नाही."

नोकरी सुटली तरी नाना दर मंगळवारी सकाळच्या पॅसेंजरनं रोह्याला जातात. सासुरवाडीला जातो म्हणतात, पण खरं म्हणजे डब्याला जातात. तीच बाकं, तीच अजून धाटावला कामाला जाणारी माणसं. परवा मला रोह्यात काम होतं म्हणून मीही त्याच डब्यात चढलो. गाडी पेणहून सुटली. त्यांच्यातला एक जण दोन दिवस दिसला नव्हता. त्याच्या मुलाला मुंबईला ऑपरेशनसाठी हलवलं होतं, हे कासूच्या आधी कळलं. किती लागतील, हे कासूला. नागोठणं येईपर्यंत कोण किती देणार ते झालं. आकडे कुणी मोठ्यानं बोललं नाही, बोटं दाखवली. निडी गेलं तेव्हा रात्री हॉस्पिटलात कुणी थांबायचं एवढंच उरलं होतं.

"पहिली रात्र मी," नाना म्हणाले. "मला बसून राहायची सवय आहे."

कुणी अनुमोदन दिलं नाही. दिव्याहून सुटलेली ही गाडी रोह्याला संपते, पुढे कोकण रेल्वे लागते. सगळे उठून दाराशी गेले. मी हळूच म्हटलं, "नाना, वहीत नाही लिहिलंत?"

नानांनी पिशवी काखेत घट्ट धरली. "गाडी हलते रे. अक्षर बिघडतं."

असो. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे आमच्या सोसायटीची नोटीस काल लागली आहे. रविवारी पाच वाजता, गच्चीवर. नाना सतरंजी घेऊन पाचला वर जातीलच. पेणमध्ये असलात तर तुम्हीही या, चहा आहे. साडेपाचला आलात तरी चालेल. फक्त नारळाचा विषय काढू नका.